गेन वाढवण्याआधी

सर्व्हो ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये ट्यूनिंगचं प्रकरण बरंच मागं असतं, आणि घरी मशीन बांधणारे बहुतेक जण मॅन्युअल तिथूनच उघडतात. आधीची पानं जोडणीची, अर्थिंगची, केबलच्या जाडीची. ती रटाळ असतात, आकृत्या धूसर असतात आणि ड्राइव्ह चिनी बनावटीचा असला तर त्यातलं इंग्रजी असं असतं की दोनदा वाचून तिसऱ्यांदा अंदाजानंच पुढं सरकावं. तरी ती वाचावीत. गेनचा आकडा कुठवर चढेल हे ट्यूनिंगच्या प्रकरणात ठरत नाही. ते पॅनेलमधली एखादी हिरवी वायर ठरवते, नाहीतर बॉलस्क्रूच्या बुडाशी बसवलेलं बेअरिंग.

मी हे मेंटेनन्सवाल्याच्या नजरेनं सांगतोय. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत माझी हयात गेली. सीएनसी मशीन बंद पडलं की पॅनेल उघडायचं, अलार्मचा नंबर बघायचा, कार्ड बदलायचं आणि प्रॉडक्शन सुरू करून द्यायचं. ट्यूनिंगला आम्हाला कुणी हात लावू देत नव्हतं. त्यासाठी बाहेरून इंजिनिअर लॅपटॉप घेऊन यायचा आणि आम्ही त्याच्यासाठी चहा सांगायचो. घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं मशीन उभं केलं ते खरं तर त्या लॅपटॉपवर नेमकं काय चालायचं ते कळावं म्हणून. भाच्याला मात्र मी वेगळंच कारण सांगितलं. त्याचा फौंड्रीला ॲल्युमिनियमच्या मॅचप्लेट करून द्यायचा छोटा धंदा आहे, आणि कोल्हापुरात पॅटर्नच्या कामाला तोटा नाही.

मशीन म्हणजे एका बंद पडलेल्या प्रशिक्षण केंद्राच्या लिलावात मिळालेलं छोटं मिलिंग. बिडाचं, डोव्हटेल स्लाइडचं. कंट्रोलर मेलेला, मोटरी कुणीतरी आधीच काढून नेलेल्या. बीड मात्र वर्षानुवर्षं मुरलेलं, आता हलणार नाही असं. शिवाजी उद्यमनगरात या गल्लीत टर्निंग, पलीकडच्या गल्लीत ग्राइंडिंग, त्यापुढं हार्डनिंग, त्यामुळं स्क्रूची टोकं कातून घेणं किंवा मोटरच्या प्लेटा करून घेणं ही काही अडचण नव्हती. स्लाइडला निळं लावून स्क्रेपिंग करायला आमचे जुने फिटर मिस्त्री आले. त्यांचा विजेवर विश्वास नाही. मशीन बिघडलं की दोष यंत्राचाच, वायरमन उगाच मधे कडमडतो, असं त्यांचं ठाम मत. माझं मत नेमकं उलट होतं. पुढचे सगळे महिने या दोन मतांच्या भांडणात गेले.

तिन्ही अक्षांना ७५० वॉटच्या एसी सर्व्हो मोटरी घेतल्या. अशा मोटरीचा रेटेड टॉर्क २.४ न्यूटन-मीटर आणि वेग मिनिटाला ३,००० फेरे. स्क्रू २५ मिमी व्यासाचा, ५ मिमी पिचचा. हिशेब केला तर टेबलावर सुमारे २,७०० न्यूटनचा, म्हणजे पावणेतीनशे किलोचा रेटा येतो, आणि क्षणभरासाठी ड्राइव्ह त्याच्या तिप्पट जोर लावू देतो. पाऊण टनाच्या वर. घरात लहान मूल असेल तर शेडला कुलूप लागतं, हे मशीन विकत घेतानाच ठरवावं.

स्टेपर का नाही, असं बरेच जण विचारतात. लाकडाच्या राउटरला स्टेपर उत्तम. स्वस्त, साधी, ट्यूनिंगची भानगड नाही. पण स्टेपर अडकली की गपचूप पावलं गाळते आणि कंट्रोलरला ते कळतही नाही. सर्व्हो अडकली तर अलार्म देऊन थांबते. फौंड्रीच्या प्लेटवर आठ तासांच्या कामात शेवटच्या तासाला पाऊल गळलं तर ॲल्युमिनियमसकट सगळं भंगारात. तिथं अलार्मच बरा.

एन्कोडर २,५०० रेघांचा, ड्राइव्ह त्या चौपट करून मोजतो, म्हणजे एका फेऱ्याला १०,००० पल्स आणि एक पल्स अर्ध्या मायक्रॉनची. ऐकायला छान. पण ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे होतात, आणि त्यासाठी सेकंदाला पाच लाख पल्स पाठवाव्या लागतात. जुन्या कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टातून सॉफ्टवेअरनं पल्स काढल्या तर काही दहा हजारांपर्यंत मजल जाते, पुढं त्या वेड्यावाकड्या होतात. मग एक तर ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून फेऱ्याला २,००० पल्सवर यायचं, म्हणजे अडीच मायक्रॉनचं पाऊल. नाहीतर पल्स काढण्याचं काम वेगळ्या कार्डाला द्यायचं. आम्ही लिनक्ससीएनसी वापरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, सुरू झालेल्या एका कंट्रोलर प्रकल्पातून ते वाढलेलं आहे आणि फुकट मिळतं. त्याला मेसाचं इथरनेट कार्ड जोडलं. पल्स त्या कार्डातली चिप काढते, कॉम्प्युटर फक्त दर मिलिसेकंदाला पुढचा वेग सांगतो. अडीच मायक्रॉनही पॅटर्नच्या कामाला भरपूर होते, हे खरं. कार्ड घेतलं ते हौसेनं.

आता वायरिंग. आधी वीज.

घरचं कनेक्शन सिंगल फेज. २३० व्होल्ट आत आले की ड्राइव्ह त्याचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. स्विच बंद केला तरी ते व्होल्टेज काही वेळ तिथंच बसलेलं असतं. ड्राइव्हवरचा चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि तो विझल्यावरही मीटर लावून बघायचं. कारखान्यात हे सगळ्यांना पाठ असतं. घरी मात्र माणूस चपला न घालता शेडमध्ये येतो.

घरच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असतो, असलाच पाहिजे. ड्राइव्हच्या अलीकडं नॉइज फिल्टर लावला की त्यातले कपॅसिटर थोडा करंट सतत अर्थमध्ये सोडत राहतात. एका ड्राइव्हचा खपून जातो. तीन ड्राइव्ह आणि स्पिंडलचा व्हीएफडी एकत्र आले की आरसीसीबी खटकन पडतो, घरात अंधार होतो आणि आतून विचारणा होते की तुमचं काय चाललंय. यावर गल्लीतला वायरमन एकच उपाय सांगतो: आरसीसीबी काढून टाका. ते करू नये. मशीनसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला आणि सेकंडरीचं एक टोक मशीनच्या अर्थला बांधलं की फिल्टरमधून गळणारा करंट सेकंडरीतच फिरतो, अलीकडच्या आरसीसीबीपर्यंत पोचत नाही. अर्थात पलीकडच्या बाजूला मग स्वतःचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग पाहिजेच. ट्रान्सफॉर्मर महाग आणि जड. तरी या मशीनवर खर्च केलेल्या पैशांपैकी मला सगळ्यात कमी खटकलेला खर्च तोच. संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज बसतं. ट्रान्सफॉर्मरला टॅप काढून घेतल्यामुळं ड्राइव्हला त्याची झळ लागत नाही.

अर्थिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मीठ-कोळशाचा खड्डा येतो. तो माणसाच्या जिवासाठी. नॉइजसाठी खड्ड्याचा फारसा उपयोग नाही. तिथं महत्त्व पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीला आणि तिथपर्यंतच्या अंतराला. प्रत्येक ड्राइव्हची हिरवी वायर त्या पट्टीवर स्वतंत्र यायला हवी, एकाकडून दुसऱ्याकडं साखळीनं नाही. मशीनचं बीडही तिथंच, जाड वेणीनं. ड्राइव्ह ज्या पत्र्यावर बसतो त्याचा रंग खरवडून धातूला धातू भिडवायचा. नवीन पावडर-कोटेड पॅनेलचा रंग खरवडताना हात जड होतो, पण तो खरवडायचाच.

शिल्डबद्दल तर माझं मत आणखी कडक आहे. मोटरच्या केबलवरची जाळी पिळून तिची शेपटी करायची, तिला लग मारायचा आणि लांबून आणून अर्थला जोडायची, ही आपली सगळ्यांची पद्धत. मीटरवर ती बरोबर दिसते, शून्य ओहम. पण ड्राइव्हमधलं स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा होतं आणि प्रत्येक स्विचिंगची कड इतकी तीक्ष्ण असते की त्या वेगाला ती शेपटी वायर राहत नाही, कॉइल होते. नॉइजला परतीची वाट मिळत नाही आणि तो शेजारच्या एन्कोडरच्या केबलमध्ये घुसतो. केबलचं वरचं आवरण सोलून उघडी जाळी चहूबाजूंनी क्लॅम्पखाली पत्र्यावर दाबली की तोच नॉइज आला तसा परत जातो. क्लॅम्प उद्यमनगरात करून घेतले, साध्या पत्र्याचे. मोटरच्या केबल एका चॅनेलमधून, एन्कोडर आणि पल्सच्या दुसऱ्या चॅनेलमधून, आणि एकमेकींना ओलांडायचंच झालं तर काटकोनात. स्पिंडलच्या व्हीएफडीची केबल सगळ्यांपासून लांब, कारण सगळ्यात उपद्रवी तीच. पल्सच्या जोडीत प्लस आणि मायनस अशा दोन्ही वायरी, पिळलेल्या. कार्ड आणि ड्राइव्ह दोघांनाही डिफरन्शियल येत असताना सिंगल-एंडेड जोडण्यात काटकसर नाही, आळस आहे.

यू, व्ही, डब्ल्यू या तीन वायरींपाशी माझ्यातल्या जुन्या इलेक्ट्रिशियनला जरा समजावावं लागलं. साधी थ्री-फेज मोटर उलटी फिरली तर दोन फेज बदलायचे, हे हाताला इतकं सवयीचं असतं की डोकं मधे येतच नाही. सर्व्होला ते चालत नाही. ड्राइव्ह एन्कोडरकडून रोटरची जागा विचारून त्या हिशेबानं करंट सोडतो. दोन फेज अदलाबदल झाले की त्याचा हिशेब आणि मोटरची हालचाल यांचा मेळच बसत नाही. मोटर झटका देऊन अडकते किंवा ओव्हरलोडचा अलार्म येतो, आणि नशीब वाईट असलं तर सुसाट सुटते. दिशा बदलायची तर पॅरामीटरमधून. पहिल्यांदा मोटर चालू करायची ती कपलिंगपासून सोडवून, टेबलावर शिकंज्यात धरून. हा नियम मिस्त्रींनाही पटला. विजेबद्दल त्यांना पटलेला तो पहिलाच.

झेड अक्षाची मोटर ब्रेकवाली घेतली, कारण डोकं जड आणि वीज गेली की ते खाली येणार. हा ब्रेक चोवीस व्होल्ट मिळाले की सुटतो, गेले की धरतो. तो धरून ठेवण्यासाठी असतो, धावतं डोकं थांबवण्यासाठी नाही. त्यामुळं सर्व्हो ऑफ करताना आधी ब्रेक बसला पाहिजे आणि मग मोटरचा टॉर्क गेला पाहिजे. मधल्या काही मिलिसेकंदांसाठी ड्राइव्हमध्ये पॅरामीटर असतो. तो शून्यावर ठेवला तर दर वेळी डोकं किंचित घसरतं आणि माणूस दोष बॉलस्क्रूला देत बसतो. ब्रेकच्या कॉइलवर उलटा डायोड, ब्रेकसाठी वेगळी रिले. इमर्जन्सी स्टॉपचं बटण सॉफ्टवेअरमधून न घेता सरळ मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घेतलं. ड्राइव्हच्या कंट्रोल सप्लायला मात्र वेगळी वाट दिली, म्हणजे पॉवर तोडली तरी अलार्मचा नंबर पडद्यावर टिकून राहतो. मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तो नंबर पुसला गेला की हात बांधल्यासारखं होतं.

मशीन चालायला लागलं आणि थोड्याच दिवसांत एक्सचा झिरो सरकायला लागला.

लांबलचक काम. सकाळी एज-फाइंडरनं धरलेला शून्य दुपारी तपासला तर चार-पाच शंभरांश बाजूला. भाचा म्हणाला, "मामा, नॉइज आहे. व्हीएफडी बंद करून बघूया." ज्याला विचारावं तो फेराइटचे मणी घ्या म्हणत होता. मिस्त्री म्हणाले, "इलेक्ट्रिकचं काय नाही त्यात. मोटर आणि स्क्रूच्या मधे बघा." माझा कल अर्थातच नॉइजकडं होता.

पण अशा वेळी कल विचारायचा नसतो. ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे बघता येतात: कंट्रोलरकडून आलेल्या पल्स किती आणि एन्कोडरनं मोजल्या किती. टेबलाला डायल लावायचा, शून्य करायचा, काम चालवायचं आणि परत शून्यावर आणायचं. कंट्रोलर म्हणतोय शून्य आणि ड्राइव्हची आलेल्या पल्सची मोजणी शून्य नाही, तर पल्स वाटेत वाढल्या किंवा गळल्या, दोष वायरीत. ती मोजणी जुळतेय पण एन्कोडर नाही, तर ड्राइव्ह मागं पडतोय. दोन्ही जुळतायत आणि डायल वेगळं सांगतोय, तर विजेचं काम चोख झालेलं आहे आणि घोळ मोटरच्या दांड्याच्या पुढं आहे. आमच्या दोन्ही मोजण्या शून्यावर होत्या. डायल नव्हता.

दांड्यावर आणि कपलिंगवर मिळून मार्करनं एक सरळ रेघ ओढली आणि रॅपिडमध्ये टेबल मागं-पुढं पळवलं. थोड्या वेळानं रेघेचे दोन तुकडे झाले. मोटर येताना दांड्याला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, आणि क्लॅम्पचं कपलिंग त्या तेलावर बसवलं तर जोराच्या ॲक्सिलरेशनला केसभर सरकतं. थिनरनं पुसून, टॉर्क लावून परत आवळलं, सरकणं थांबलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनीच सांगितला.

वायरीतला घोळही असतोच, आणि त्याचा चेहरा ओळखता येतो. इचलकरंजीच्या एका मित्राच्या राउटरवर झिरो नेहमी एकाच दिशेनं सरकायचा, आणि बारीक नक्षीच्या कामात जास्त, लांब सरळ कापात अजिबात नाही. नॉइज असा शिस्तीत वागत नाही. पल्सची कुठली कड मोजायची हे ड्राइव्ह आणि कंट्रोलर यांनी वेगळं धरलं असलं तर दिशा बदलताना एक-एक पल्स चुकते. जितक्या वेळा दिशा बदलेल तितकं सरकणं. पल्सची पोलॅरिटी उलटी केली आणि काम झालं. फेराइटचे मणी त्याच्या टेबलाच्या खणात अजून आहेत.

एवढं झाल्यावर ट्यूनिंग.

ड्राइव्हमध्ये तीन लूप एकात एक असतात. सगळ्यात आत करंटचा. मोटरचं मॉडेल टाकलं की तो कारखान्यातून ठरून आलेल्या आकड्यांवर चालतो, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या बाहेर वेगाचा आणि सगळ्यात बाहेर पोझिशनचा. आतून बाहेर जायचं: आधी वेगाचा लूप जमेल तेवढा ताठ करायचा, मग पोझिशनचा त्याच्या बराच खाली ठेवून वाढवायचा. आपल्यापैकी अनेक जण बाहेरचा आकडा आधी वाढवतात, कारण त्याचं नाव समजतं.

या सगळ्याचं मूळ समुद्रावर आहे. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाचं सुकाणू आपोआप चालवण्यावर निबंध लिहिला, आणि अमेरिकी नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्यांच्या यंत्रणेच्या चाचण्या झाल्या. सुकाणूवरचा मुरलेला खलाशी जहाज किती भरकटलं एवढंच बघत नाही, किती वेगानं भरकटतंय आणि किती वेळ एकीकडं ओढतंय हेही धरतो, हे त्यांनी गणितात मांडलं. पुढं १९४२ मध्ये झिग्लर आणि निकोल्स यांनी गेन ठरवायची रीत दिली: यंत्रणा सतत झुलायला लागेपर्यंत गेन वाढवा आणि मग ठरावीक प्रमाणात खाली या. रसायनांच्या कारखान्यात ती सोयीची असेल. शंभर किलोचं टेबल स्क्रूवर झुलवत ठेवायची कल्पना मला तरी सोसत नाही. पहिली कुरकुर ऐकू आली की थांबायचं.

ड्राइव्ह आधी विचारतो इनर्शिया रेशो: मोटरच्या रोटरच्या मानानं तिच्यावर लादलेला भार किती. इथं एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. टेबल, शिकंजा आणि जॉब मिळून १२० किलो धरले तर ५ मिमी पिचमुळं मोटरला त्याचा इनर्शिया ०.७६ × १०⁻⁴ किलो-मीटर वर्ग एवढाच जाणवतो. आणि २५ मिमी जाड, ७०० मिमी लांब स्क्रू, जो स्वतः जेमतेम पावणेतीन किलोचा, त्याचा येतो सुमारे २.१ × १०⁻⁴. टेबलाच्या पावणेतीन पट. टेबल सावकाश सरकतं, स्क्रू गरगर फिरतो. व्यास वाढला की हा आकडा त्याच्या चौथ्या घातानं वाढतो. 'मजबूत पाहिजे' म्हणून ३२ मिमीचा स्क्रू घातला असता तर मोटरचा बराच जोर त्या स्क्रूलाच फिरवण्यात गेला असता. मी हा कागद मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो उलटा करून मागं काही लिहिलंय का बघितलं.

ऑटो-ट्यूनिंगचं बटण असतं. टेबल मागं-पुढं हलवून ड्राइव्ह स्वतः इनर्शिया काढतो आणि आकडे भरतो. यंत्र घट्ट असेल तर ते आकडे सुरुवातीला बरे असतात. बेअरिंगमध्ये प्ले असेल तर मोटर पहिल्या क्षणी रिकामीच फिरते, ड्राइव्हला वाटतं भार हलका आहे, आणि तो काहीबाही भरून मोकळा होतो. झेडवर तर डोक्याचं वजन एकाच बाजूला ओढत असल्यानं मी ते बटण दाबलंच नाही.

एक्सचा वेगाचा गेन वाढवत नेला तसं मशीन आधी चोख झालं, हाताला टेबल भिंतीसारखं लागायला लागलं, आणि मग एका ठिकाणी किंचाळलं. भाच्यानं मोबाइलमधलं आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप लावलं. साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास एक सुळका. ड्राइव्हमध्ये नॉच फिल्टर असतो, त्यात तो आकडा टाकला की तेवढी फ्रिक्वेन्सी दाबली जाते आणि गेन आणखी चढवता येतो. भाचा तेच करणार होता. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक मोटरच्या प्लेटवर, मूठ कानाला; मग कपलिंगच्या घरावर, मग बेअरिंगच्या ब्लॉकवर. "इथं बोलतंय," म्हणाले. कपलिंग सापासारखी खाच कापलेलं, ॲल्युमिनियमचं होतं. स्टेपरला आणि एन्कोडरला ते चालतं, पण पिळाला मऊ. ते काढून डिस्कवालं बसवलं आणि सुळका दुप्पट वर गेला, जिथं आमचा गेन पोचतच नव्हता. नॉच फिल्टर रिकामा राहिला. फिल्टर वाईट नाही. पण तो लावला की लूपला थोडा उशीर होतो आणि तो उशीर दुसरीकडून वसूल होतो. हातानं काढता येणारा मऊपणा आकड्यानं झाकू नये असं मला वाटतं.

वायवर वेगळाच प्रकार. मशीन उभं असताना मोटर गुणगुणायची, आकडा दोन-तीन पल्सनं इकडून तिकडं. डोव्हटेलची स्लाइड थांबली की चिकटते. राहिलेली बारीक चूक ड्राइव्ह वेळेनुसार साठवत जोर वाढवतो, स्लाइड सुटते ती थोडी पुढंच जाते, मग उलट्या बाजूनं तोच खेळ. इंटिग्रलचा वेळ वाढवला तर गुणगुण थांबते, पण अक्ष सुस्त होतो. आधी तेल बदललं. स्लाइडसाठी ६८ ग्रेडचं वेगळं तेल मिळतं, चिकटणं कमी करण्यासाठीच बनवलेलं. गाडीचं इंजिन ऑइल घालणाऱ्यांची आपल्याकडं कमी नाही. मग मिस्त्रींनी जिबचा स्क्रू पाव फेरा सोडला. गुणगुण गेली. इंटिग्रल होता तिथंच आहे.

स्क्रूच्या बुडाचं बेअरिंग तपासायची मिस्त्रींची रीत सांगून ठेवतो. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर-होलमध्ये ग्रीस लावून स्टीलची गोळी बसवायची, गोळीवर डायल टेकवायचा आणि टेबल दोन्ही बाजूंना रेटायचं. डायल हलला तर अँग्युलर बेअरिंगच्या जोडीत प्रीलोड नाही. पोझिशनचा कुठलाच गेन ती हालचाल भरून काढू शकत नाही, कारण एन्कोडर स्क्रूच्या दुसऱ्या टोकाला मोटरच्या मागं बसलेला. त्याला ती दिसतच नाही.

शेवटी पोझिशनचा गेन. नुसत्या गेनवर चालणारा अक्ष हुकमाच्या मागं राहतोच, आणि किती मागं ते साधं भागून काढता येतं: वेग भागिले गेन. मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिमी वेग आणि गेन ४० असला तर अक्ष अडीच मिलिमीटर मागं धावतो. सरळ रेघेत ते कळत नाही, दोन्ही अक्ष सारखेच मागं असले तर तिरकी रेघही सरळच येते. गोलात कळतं. मिनिटाला ३ मीटरनं ५० मिमी व्यासाचा गोल कापला तर याच गेनला त्रिज्या ३१ मायक्रॉननं लहान येते. आणि एक्स-वायचे गेन वेगळे असले तर गोल अंडाकृती होतो, तोही ४५ अंशात तिरका. तसा तिरका अंडाकार दिसला तर स्लाइडच्या काटकोनाची शंका घेण्याआधी दोन ड्राइव्हमधले गेन शेजारी शेजारी लिहून बघावेत. फीडफॉरवर्ड वाढवला, म्हणजे चूक होण्याची वाट न बघता हुकमाचा वेग आधीच पुढं पाठवला, की ही पिछाडी बरीचशी जाते. पण तो शंभर टक्क्यांवर नेला की कोपऱ्यात अक्ष पुढं उडतो, म्हणून थोडा अलीकडंच थांबलो.

लिनक्ससीएनसीच्या पडद्यावर फॉलोइंग एररचा आलेख दिसतो आणि तो बघून लोक खूष होतात. स्टेप-डायरेक्शनच्या जोडणीत तो आलेख कार्डानं काढलेल्या पल्सचा असतो, टेबलाचा नाही. खरी चूक ड्राइव्हच्या आत मोजली जाते. ती बघायची तर ड्राइव्हचं स्वतःचं सॉफ्टवेअर जोडायचं किंवा एन्कोडरचा सिग्नल कार्डाकडं परत आणायचा.

एक्स वर चढायला तयार होता, वाय नव्हता. म्हणून एक्सला खाली आणून वायच्या बरोबर ठेवलं. मशीनचा गेन सगळ्यात मंद अक्षाचा. चांगली चाललेली गोष्ट मुद्दाम मागं ओढायला भाच्याचं मन घेत नव्हतं.

ॲल्युमिनियममध्ये रिंग कापली आणि बोअर डायल फिरवला. गोल आला आहे, मॅचप्लेटला पुरून उरेल इतका. फक्त वाय जिथं दिशा बदलतो त्या दोन ठिकाणी भिंतीवर बारीक उंचवटा आहे, सात-आठ मायक्रॉनचा. नखाला लागतो, डोळ्याला तिरक्या उजेडात दिसतो. दिशा बदलताना क्षणभर थांबलेली स्लाइड घर्षण ओलांडेपर्यंत अडते, त्याची ती खूण. ड्राइव्हमध्ये घर्षण भरून काढणारा एक पॅरामीटर आहे, भाच्यानं त्याचं पान उघडून ठेवलं होतं. मिस्त्रींनी रिंग हातात घेतली, अंगठा फिरवला आणि वायची जिब परत निळं लावून बघायची आहे म्हणाले. रविवारी स्लाइड काढणार आहोत. तोवर भाच्यानं आलेल्या दोन प्लेटा कापून द्यायच्या ठरल्यात, गोल खिसे नसलेल्या.